नलूच्या नावाचं भाडं

...आन् वरून तो छापखान्याचा पोरगा म्हणते, पाकिटाचं अलग लागीन. आता तुम्हीच सांगा. कम्प्युटरमंधी ठेवाचं अलग, पाकिटावर छापाचं अलग, मोबाइलवर दाखवाचं अलग... म्हणलं बाप्पा, हे अक्षर हाय का मंगल कार्यालय? हॉलचे अलग, भांड्याचे अलग, लायटिंगचे अलग! बसा ना, बसा जी, तुम्ही काहून उभे? दारव्ह्याची जीप हाय, ड्रायव्हरच्या मांडीवर एखांदा बसल्याशिवाय काही निंगत नाई. तवरोक सांगतो तुम्हाले. मले कोणाले तरी सांगाचंच हाय, कारण का मले अजून समजलं नाई. तुम्ही शिकलेले दिसता, चष्मा हाय, खिशाले पेन हाय... मले एकच सांगा, अक्षराले मालक असते काय जी?

नाई, हसू नका. मीही असाच हसलतो.

मी धर्मपाल. दारव्ह्याले बजारात माही हातगाडी हाय, जवसाच्या चटणीची. चटणी करते माही बायको नलू, मी फक्त गाडी लोटतो आन् लोकाइले चव देतो. शाळेत मी गेलो नाई. आमच्या समाजात शिकाचं लय मोठं हाय, तुम्हाले माईतच हाय, माहे दोन्ही भाऊ शिकले, एक त मास्तर होऊन रिटायर झाला, पण घरचे ढोरं राखाले कोणीतरी पाह्यजे होतं ना... तो मी. ढोराइची काही तक्रार नाई माही. पण वाचाचं राह्यलं ते राह्यलंच.

म्हणजे एक शब्द येते. खोटं कायले बोलू, एक येते.

झालं असं, गाडी नवी घेतली तवा तिच्यावर टिनाची पाटी लावली. धावजी पेंटर म्हणून एक दोस्त हाय माहा, दारव्ह्याच्या भायेर तांडा हाय त्याइचा, त्याले म्हणलं, लेका नाव काढून दे. कायचं नाव? म्हणलं चटणी नलूची, त नाव नलूचंच. त्यानं पिवळ्या टिनावर लाल रंगानं नाव काढलं. आन् काय नाव काढलं जी! पयलं अक्षर साधंच, न. पण दुसरं... दोन पाकळ्या, एका देठाले लटकलेल्या, जशी जवसाची कळी आत्ताच फुटली. आन् तिच्या खाली एक शेपूट, वाळल्या मिरचीच्या देठावानी वळलेलं. मी रोज सकाळी गाडी पुसतो, पुसता पुसता ते नाव बोटाले पाठ झालं. मंग डोळ्याले झालं. एक वख्त नलूले दवाखान्यात भरती केलतं, मी डबा घेऊन गेलो, वार्डात सगळ्या बाया तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. कोणाले इचारू? त पलंगाच्या पाटीवर नर्सनं नाव लिवलतं, मले लांबूनच दिसल्या त्या दोन पाकळ्या. सरळ तिथं जाऊन डबा ठेवला. नलूनं पांघरूण काढून पाह्यलं, म्हणे, तुमाले कसं समजलं जी? म्हणलं, वाचलं. अशी पाह्यली माह्याकडं, जसं का मी तहसीलदार झालो. त्या दिवशीपासून मी माणूस शिकलेला हाय. एका शब्दापुरता हाय, पण हाय.

आता ध्यानात ठेवा हे. पुढचं सगळं भांडण या एका शब्दाचंच हाय.

तर माही सून, शीला. लय हुशार पोरगी हाय, बचत गट चालवते, बँकेतल्या सायबालेही ती समजून सांगते आन् सायब मान हलवते. ती म्हणे, मामाजी, यवतमाळले प्रदर्शन हाय, आपली चटणी पाकिटात जाईन, आन् पाकिटावर लोगो पाह्यजे. म्हणलं, लोगो काय असते? म्हणे, नावाचं चित्र. म्हणलं, बाई, माह्यासाठी त सगळेच नावं चित्र हाय, तू नवीन काय करून राह्यली? पण तिनं जीपमंधी बसवलं आन् घेऊन आली इथं यवतमाळले, साद नावाच्या पोराच्या दुकानात. फ्लेक्स छापते, लग्नाच्या पत्रिका छापते, हे मोठ्ठं कम्प्युटर. मोठा गोड पोरगा. चाचा चाचा करते, आपल्या हातानं खुर्ची पुसून देते.

त्यानं नाव टाकलं, नलू. आन् बटन दाबलं. आन् मंग तुम्हाले सांगतो... नलूच नलू! पडदाभर नलू! एक नलू अशी लठ्ठ, जशी लग्नघरातली मावशी. एक नलू सुकून काडी, जशी टायफाइडमधून उठली. एक वाकडी होऊन नाचून राह्यली. एक अशी ताठ, चौकोनी, जशी पोलिसात लागली. म्हणलं बाबू, एवढ्या बाया कोणाच्या? म्हणे, चाचा, हे सगळे फॉन्ट हाय. फॉन्ट म्हणजे अक्षराचा साचा. एकच नाव, पण साचे अलग अलग. तुम्ही पसंत करा.

आता मी पसंत करू? माह्या जिंदगीत मी नलू एकच वेळा पसंत केली, तीही माह्या बापानं केली.

पण पाह्यलं. एकेक पाह्यलं, हळूहळू. साद बिचारा बोट बटनावर ठेवून बसला होता, गिऱ्हाईक येऊन उभे, त्याइले म्हणे थांबा, चाचा पाहून राह्यले. आन् पाहता पाहता एक दिसली... त्या पाकळ्या! धावजीच्या पाकळ्या नव्हत्या, पण बहीण शोभे. मी बोट ठेवलं. म्हणलं, हे नलू हाय.

सादनं पडद्याकडं असं पाह्यलं, जसा डॉक्टर रिपोर्टाकडं पाह्यते. म्हणे, चाचा... हेच नेमकं पैशाचं हाय.

मी म्हणलं, कायचे पैसे? तुही मजुरी त देणारच हाय मी. म्हणे, माही मजुरी नाई, अक्षराची. हे अक्षर एका कंपनीचं हाय, त्याइचं लायसन घ्या लागते. लायसन! म्हणलं, बाबू, बंदुकीले लायसन असते, दारूच्या दुकानाले असते, जीपच्या ड्रायव्हरले असते पण तो काढत नाई. अक्षराले लायसन? त्यानं मंग मले शांततेनं सांगतलं, तेच जे मी तुम्हाले सुरवातीले सांगतलं, कम्प्युटरचं अलग, पाकिटाचं अलग, मोबाइलचं अलग. आन् पाकिटं लय खपले, अमुक एका आकड्याच्या वर गेले, की पुन्हा अलग. मी इचारलं, म्हणजे चटणी जास्त खपली त अक्षर महाग होते? म्हणे, हो. म्हणलं, जवस नाई महाग होत, अक्षर महाग होते? म्हणे, तसंच समजा. बरं, पैसे दिले त अक्षर आपलं झालं? म्हणे, नाई चाचा, अक्षर त्याइचंच, तुम्हाले फक्त वापराची परवानगी.

अक्षराले मालक असते काय जी?... नाई, तुम्ही बोलू नका आताच, ऐका.

मी पुढं इचारलं. मले समजलं नाई की मी इचारतो, लाज नाई वाटत मले, शिकलेल्याले वाटते. म्हणलं, समाजाचे भांडे आपण लग्नाले आणतो, लग्न झालं की घासून परत करतो. तसं हे अक्षर पाकीट फोडल्यावर परत करा लागते काय? म्हणे नाई. म्हणलं, मंग गिऱ्हाइकानं वाचलं त त्याच्याजवळून घेते काय? म्हणे, वाचणं फुकट हाय. आन् मोठ्यानं वाचलं त? शीलानं माह्या गुडघ्यावर हात ठेवला. ती हात ठेवते तवा मले समजते की आता मामाजीनं थांबाचं असते.

ती म्हणे, सादभाऊ, माह्या मोबाइलवर एकानं पोतंभर फॉन्ट पाठवले हाय, त्यात हा बी असन, टाकून द्या ना, कोण पाह्यते? सादनं कानाले हात लावले. म्हणे, नाई भाभी. एका कपड्याच्या दुकानाचं बोर्ड असंच केलतं मी, चार महिन्यानं अक्षरवाल्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, अक्षर कुठून आणलं म्हणून. दुकानदार माह्यावर, मी कम्प्युटरवर, रमजानभर त्याच टेन्शनमंधी होतो. मी म्हणलं, शीला, राहू दे. बायकोचं नाव आन् चोरीच्या अक्षरानं? नाई बाप्पा. बोटातली साधी मुंदी चोरीची असती त येगळी गोष्ट होती.

मंग साद म्हणे, निराश नका होऊ चाचा, फुकटचेही लय चांगले असते. आन् हे खरं, चोरीचे नाई, राजरोस फुकट. म्हणलं, फुकट काहून? म्हणे, काही लोकं मेहनत करून अक्षर बनवते आन् सगळ्याइले वापराले खुलं ठेवून देते. पाकिटावर छापा, दुकानावर लावा, विका, कोणी इचारत नाई. म्हणलं, त्याइले काय भेटते? म्हणे, काही नाई, नाव राह्यते त्याइचं. मी घडीभर इचार केला आन् मले एकदम समजलं. म्हणलं, पाणपोई! चौदा एप्रिलच्या उन्हात आपण चौकात माठ ठेवतो, गूळ ठेवतो, कोणी जातीचं इचारत नाई, गावाचं इचारत नाई, घे बाप्पा, पे. ही अक्षराची पाणपोई हाय! सादले एवढं आवडलं, दोन वख्त म्हणला, पाणपोई, वा चाचा. मले वाटलं, झालं, समजलं आपल्याले. जगात एक दुकान भाड्याचं हाय, एक पाणपोई हाय, आपण पाणपोईवर पेऊ, नलूचं नाव लिवू आन् सायंकाळच्या जीपनं घरी जाऊ.

आन् सादनं पाणपोईतली नलू दाखवली.

सुंदर अक्षर होतं, नाव ठेवाले जागा नाई. गोल, नीटस. पण तुम्हाले सांगतो... पाकळ्या नव्हत्या. ल च्या जागी असं एक वाकडं, आन् त्याच्या बाजूले उभी काठी. काठी! मी म्हणलं, ही कोण? शीला म्हणे, मामाजी, नलूच हाय. म्हणलं, नाई. म्हणे, हाही ल च हाय, हिंदीत असाच काढते. साद म्हणे, हो चाचा, फुकटच्यात बहुतेक असाच येते, काहीत पाकळीवाला बी लपलेला राह्यते, पण जे तुम्हाले आवडलं तसं नाई भेटत. त्यानं दोन-तीन पाकळीवाले काढूनही दाखवले. एकाच्या पाकळ्या अशा, जसा चष्मा तुटून पडला. एकाच्या अशा, जसे दोन कांदे. मी म्हणलं, बाबू, तुह्यावर भरोसा हाय, शीलावरही हाय, तुम्ही दोघं म्हणता त ते नलूच असन. पण मले ते वाचता येत नाई.

सादनं बटनावरचं बोट काढलं.

पाहा ना, मी तिथं खुर्चीवर बसलो होतो आन् माह्या डोळ्यासमोर मी पुन्हा अनपढ झालो. बटन दाबलं, शिकलो. बटन दाबलं, अनपढ. शीला मंग हळूच म्हणे, पाकीट तुम्हाले वाचाचं नाई मामाजी, गिऱ्हाइकाले वाचाचं हाय. खरं हाय तिचं. लाखात एक बोलली. पण मी गाडी लोटणार, पाकिटं मांडणार, आन् माह्या पाकिटावर दुसऱ्याच बाईचं नाव असल्यावानी मले दिसणार... तुम्हाले चालन काय?

घरी येऊन नलूले सांगतलं. ती जवस भाजून राह्यली होती, हात थांबला नाई. म्हणे, माहं नाव लिवाचे पैसे? माह्या मायनं फुकट ठेवलं होतं. बस, एवढंच बोलली आन् पुन्हा भाजत राह्यली. नलू कमी बोलते. जे बोलाचं असते ते चटणीत टाकते.

दुसऱ्या दिवशी सादचा शीलाले फोन आला. म्हणे, चाचा ज्या पाकळ्या पाकळ्या करून राह्यले, ते पाटी हाय ना अजून? तिचा फोटो पाठवा, मी त्याच्यावरूनच काढतो. हातानं काढलेलं अक्षर हाय, फॉन्ट नाई, त लायसनची भानगडच नाई. फक्त म्हणे, ज्यानं पाटी रंगवली त्या पेंटरले एक वख्त इचारून घ्या, बरं दिसते.

बस! सादनं ते सहज म्हणलं, पण मी गाडीवरची पाटी पाहत राह्यलो. जेवढे वर्षं गाडी चालली तेवढे वर्षं मी धावजीचं अक्षर वापरून राह्यलो! रंगाची मजुरी दिलती, पण अक्षराचं? ते त मी कधी इचारलंच नाई. कम्प्युटरवाल्या कंपनीचा वकील चार महिन्यानं आला, धावजी त माहा दोस्त हाय, त्याचा वकील आला नाई म्हणून काय मी देऊच नये? शीला म्हणे, फोन करा. म्हणलं, नाई, फोनवर मागाची गोष्ट नाई हे. नलूजवळून एक बरणी चटणी भरून घेतली, ताजी, आन् गेलो तांड्यावर.

धावजी बाजेवर बसला होता. दोन्ही डोळ्याचं आपरेशन झालं हाय, काळा चष्मा लावून असा बसते जसा तांड्याचा हिरो. त्याची बायको सुखीबाई तूर पाखडून राह्यली होती. मी सगळं सांगतलं, सुरवातीपासून, लायसन, पाणपोई, काठी. धावजी ऐकत राह्यला. मंग चष्मा काढला आन् इचारलं, म्हणजे अक्षराचं भाडं भेटते?

मी म्हणलं, भेटते म्हणे.

म्हणे, गाडीचं अलग, पाकिटाचं अलग?

म्हणलं, हो.

आन् मंग तो जो सुरू झाला! दारव्ह्यातल्या अर्ध्या पाट्या त्यानं रंगवल्या हाय, न्हाव्याची, शिंप्याची, दोन पिठाच्या गिरण्या, शाळेचा सुविचार, ग्रामपंचायतीचं 'येथे घाण करू नये'. तो बोटावर मोजू लागला आन् त्याचं तोंड असं उजळत गेलं, म्हणे, धर्मा, मंग हे सगळं दारव्हाच माह्या घरी भाडं घेऊन याले पाह्यजे! सुखीबाईनं सूप थांबवलं, म्हणे, रंगाचे पैसे कोणी टाइमावर दिले नाई तुमाले, अक्षराचे देते आता. आन् पुन्हा पाखडू लागली. धावजीनं चष्मा लावला.

मी म्हणलं, बाकीच्याइचं मले माईत नाई, माह्या नावाचं सांग. परवानगी देतो काय? तो म्हणे, देतो ना लेका, कायले नाई देणार. आन् मंग एकदम थांबला. हसू लागला. असा हसला का खोकलाच आला त्याले, सुखीबाईनं पाणी देल्लं. म्हणे, धर्मा, पण ते अक्षर माहं हाय कुठं?

आता ऐका. नीट ऐका. धावजी म्हणे, मी जवान होतो तवा राजूरले कोळशाच्या खाणीकडं ट्रकवर नंबर रंगवाचं काम करो. मलेही कुठं लिवता येत होतं, पाचवीत दोन वख्त बसलतो. एक दिवस डिझलचा टँकर आला, त्याच्या मांगं एक मोठा शब्द होता, उडून गेलता, मले म्हणे पुन्हा रंगव. तो शब्द मी आठ दिवस गिरवला. तेवढे अक्षरं माह्याजवळ पक्के झाले. मंग जो कोणी येईन त्याचं नाव मी पयले त्या अक्षरात बसवून पाहो. तुह्या बायकोचं नाव त पुरं त्यातच सापडलं! न ही त्यातला, ल ही त्यातला. मथुरा असतं त मले दुसरा ट्रक धुंडा लागला असता.

मी इचारलं, शब्द कोणता होता?

धावजी म्हणे, ज्वलनशील.

म्हणलं, म्हणजे? म्हणे, म्हणजे जवळ येऊ नका, आग लागन.

तुम्ही हसून राह्यले. मी नाई हसलो, मी पाणी पेलो. माह्या नलूचं नाव... दोन्ही अक्षरं... आन् मी त्याले जवसाची कळी समजून रोज पुसून राह्यलो!

धावजी मंग गंभीर झाला. इमानदार माणूस हाय, खोटं नाई बोलणार. म्हणे, त्यातलं माहं फक्त खालचं शेपूट हाय. शेपूट टँकरवर नव्हतं, ते मी माह्या मनानं काढलं. शेपटाची परवानगी तुले देतो. चटणीची बरणी आण महिन्याले एक. पण न आन् ल चं तू टँकरवाल्याले इचार.

घ्या! गेलतो परवानगी आणाले, आणलं शेपूट.

शीला म्हणे, झालं मामाजी, आता छापू. म्हणलं, कसं छापू बाई? मालक त राजूरकडं टँकर घेऊन फिरून राह्यला. मंग तिनं सादजवळच आणून बसवलं. साद असा हसला का खुर्ची मांगं गेली. म्हणे, चाचा, तो टँकर रंगवणारा कोण, कुठला, कोणाले माईत? आन् न आन् ल काही कोणाच्या बापाचे नाई, सगळ्याइचे हाय. धावजीचाचानं आपल्या हातानं काढले, बस झालं.

आता इथं मी अडकलो. म्हणलं, थांब बाबू. ल सगळ्याइचा हाय? म्हणे हो. मंग त्या कंपनीचाही ल सगळ्याइचाच ना? मंग तिचं भाडं काहून?

सादनं चहा सांगतला. मंग म्हणे, चाचा, चहा घ्या.

चहा पेलो. चहा पेता पेता त्यानं इचार केला आन् मंग सांगतलं. म्हणे, चाचा, जवस कोणाचा? म्हणलं, शेतातला, कोणीही घ्यावा. म्हणे, मंग नलूचाचीच्या चटणीचे पैसे काहून घेता? म्हणलं, अरे, ती भाजते, कुटते, मिरचीनं डोळे लाल होते तिचे. म्हणे, बस, तसंच. ल सगळ्याइचा, पण एकेक पाकळी बसवाले कोणीतरी वर्ष वर्ष डोळे लाल करते. भाडं त्या डोळ्याचं हाय.

हे मले पटलं. एकदम पटलं. नलूचे डोळे मी पाह्यले हाय. मी त मान हलवली. पण मंग जीपमंधी बसल्यावर... जे फुकट ठेवते, त्याइचे डोळे लाल होत नाई काय? आन् धावजीचे त आपरेशन झाले! पुन्हा सगळं गोल गोल.

पण सादनं काढलं बाप्पा. पाटीचा फोटो घेऊन, त्याच्यावर काड्या काड्या जोडून, जशाच्या तशा पाकळ्या, जसंच्या तसं शेपूट. एका जागी टिन पिचकलं होतं, तिथं पाकळी जराशी दबली हाय, ते त्यानं नीट करून टाकलं. मी म्हणलं, राहू दे. तिथं माहं बोट अडते पुसताना. त्यानं पुन्हा दाबून देल्ली. आन् खालचं बाकीचं, जवसाची चटणी, वजन, पत्ता, ते सगळं पाणपोईच्या अक्षरात. त्यात काठ्याच काठ्या हाय. असू द्या, ते मले वाचाचं नाई.

हे पाहा, आज आणले पाकिटं. या थैलीत हाय. घ्या हातात. नाई, उलटं धरलं तुम्ही... हां. वाचा. नलू! मी अंधारातही वाचतो.

आता तुम्ही म्हणान, मंग तक्रार कायची हाय बुढ्याची? सांगतो. आज सकाळी पाकिटं घेऊन निंगालो आन् चहाच्या टपरीवर थांबलो, त समोर डिझलचा टँकर उभा. म्हणलं, मालक भेटले! गेलो ड्रायव्हरजवळ. पांढरकवड्याचा होता, पोरगाच, मिशी नवीन. त्याले म्हणलं, भाऊ, तुह्या गाडीचे दोन अक्षरं माह्याजवळ हाय. त्यानं पयले चाक पाह्यले. मंग मी सगळं सांगतलं, तुम्हाले सांगतलं तसंच, त्याचा चहा थंडा झाला. म्हणे, बाबा, गाडी शेटची हाय, पण चालन, शेटकडून मी माफ केलं. मी म्हणलं, नाई, फुकट नाई, हे पाकीट घे. आन् एक डाव मले तो शब्द दाखव, जिथून माह्या बायकोचं नाव आलं.

त्यानं मांगं नेलं. शब्द होता, लाल, मोठा. मी पाह्यला. वरून पाह्यला, खालून पाह्यला... पाकळ्या नाई जी. काठी! दोन ल, दोन्हीले काठी! म्हणलं, पाकळ्या कुठं गेल्या? म्हणे, बाबा, आता पेंटर कोण लावते, स्टिकर हाय, कम्प्युटरवरचं, तिकडून फुकट येते.

म्हणजे पाहा तुम्ही. मी मालकाचं भाडं भराले गेलो, आन् मालकच पाणपोईवर पाणी पेऊन राह्यला!

तेवढ्यात त्यानं पाकीट फोडून बोटभर चटणी तोंडात टाकली. त्याचे डोळे असे भरून आले, थंडा चहा एका घोटात पेला. मंग नाक पुसून म्हणे, बाबा, हा शब्द माह्या गाडीवरून काढा आन् तुमच्या पाकिटावर लावा.

अक्षराले मालक असते काय जी? पाकळ्या टँकरच्या, टँकरवर नाई. शेपूट धावजीचं, त्याची बरणी महिन्याले चालू. टिन माहं, पाकीट शीलाचं, मेहनत सादची, आन् नाव जिचं हाय तिले त कोणी इचारलंच नाई. मीही नाई. ते मांगच्या हप्त्यात तिच्याच ध्यानात आलं. मी भोळा माणूस, तिले सगळं सांगून बसलो, राजूर, टँकर, शब्द कोणता होता तेही. आग लागन म्हणजे काय, तेही समजून सांगतलं. ती मिरच्याचे देठ तोडत राह्यली. फक्त रात्री ताट वाढलं आन् भाकर हातातच धरून ठेवली. म्हणे, माह्या नावाचं भाडं भरलं काय?

म्हणलं, कोणाले भरू?

म्हणे, इथं.

आता रोज सकाळी मिरच्या मी कुटतो... पाहा ना डोळे. चला, सरका जरासक, भरली जीप. साद म्हणे, चाचा, फॉन्ट पोत्यानं फुकट भेटते. भेटत असन बाप्पा. घरी भाकर नाई भेटत.